पारा सावलीत, माणूस उन्हात

एप्रिल उजाडला की आपल्याकडे एक भांडण दरवर्षी नव्याने पेटतं. मुंबई-ठाण्यातलं कुणीतरी लिहितं, "आज 34, जीव नकोसा झालाय." त्याखाली नागपूर, अकोला, चंद्रपूरहून उत्तरांची रांग लागते: "आमच्याकडे 45 आहे भाऊ, 34 ला आम्ही रजई शोधतो." मग मुंबईकर मोबाइलचा स्क्रीनशॉट टाकतो. त्यात 34 च्या खाली बारीक अक्षरांत 'जाणवणारं तापमान 44' असं असतं. त्यावर विदर्भातून निकाल येतो: जाणवण्याचं सोड, पारा काय म्हणतो ते सांग. थट्टा म्हणून हे छानच आहे. पण हेच दोन पक्ष, हेच कच्चे मुद्दे घेऊन, गंभीर ठिकाणीही बसलेले असतात. शाळा सकाळची कधी करायची, उघड्या मैदानावरच्या सभेला परवानगी द्यायची का, गवंड्याला दुपारची सुट्टी मिळावी का, कामावर कोसळून गेलेल्या माणसाच्या कागदावर उष्माघात लिहायचा की हृदयविकार, हे ठरवताना कुणीतरी विचारतंच: त्या दिवशी पारा किती होता?

माझं म्हणणं असं की हा प्रश्न अर्धाच आहे. कमाल तापमानाचा आकडा खरा असतो, पण तो हवेचा असतो, माणसाचा नव्हे. मोबाइलवरचा 'जाणवणारा' आकडाही थाप नाही, त्यामागे चांगलं शास्त्र आहे; पण तो सावलीत चालणाऱ्या एका ठरावीक, धडधाकट माणसासाठी काढलेला असतो. उन्हाळ्याबद्दलचे सार्वजनिक निर्णय यांपैकी कुठल्याही एका आकड्याच्या भरवशावर सोडणं चूक आहे. हवेतली वाफ, वारा, अंगावर पडणारं ऊन आणि माणूस करत असलेलं काम, या सगळ्यांचा हिशेब पाऱ्याच्या जोडीला घ्यायला हवा. तो घेता येतो. शंभराहून जास्त वर्षं घेता येतो आहे.

शरीर स्वतःच उष्णता तयार करत असतं. नुसता बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढणारा त्याच्या चार-पाच पट. ती बाहेर पडली नाही तर आतलं तापमान चढत जातं. कातडी 35 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवा त्याहून गार असेल तर काही उष्णता आपसूक निघून जाते. हवा 35 च्या वर गेली की उलटा कारभार सुरू होतो, हवाच आपल्याला तापवू लागते. मग भिस्त उरते घामावर. एक लिटर घाम अंगावर वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि ही फार मोठी रक्कम आहे. पण तो वाळला पाहिजे. टपकून खाली पडणारा घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. घाम वाळणार की टपकणार हे हवेत आधीच किती वाफ आहे आणि ती बाजूला न्यायला वारा आहे का, यावर ठरतं. माठाचंही हेच गणित. वर्ध्यात मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार होतं; रत्नागिरीत तोच माठ कसाबसा गार राहतो. विदर्भात घरोघरी घरघरणारा कूलर मुंबईत फारसा दिसत नाही, तो मुंबईकरांच्या खिशात पैसे खुळखुळतात म्हणून नव्हे. तिथे तो खोलीत फक्त दमटपणा वाढवतो.

वेट बल्ब म्हणतात ते मोजमाप यातूनच आलं. तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळायचं आणि वारा द्यायचा. मलमल वाळताना फुगा जितका गार होईल, साधारण तितकीच मुभा घामालाही आहे असं समजायचं. हवा कोरडी असली तर ओला पारा सुक्या पाऱ्याच्या खूप खाली जातो. हवा वाफेने भरलेली असली तर दोघे जवळजवळ येतात.

आता भांडणाऱ्या दोघांना एकदा हिशेबाला बसवू. चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार: 45 अंश, सापेक्ष आर्द्रता 15 टक्के. मुंबईची दुपार: 34 अंश, आर्द्रता 65 टक्के. दोन्ही दिवस त्या त्या ठिकाणी कुणाला नवल वाटावं असे नाहीत. ओलं तापमान काढलं तर चंद्रपूरचं सुमारे 24 येतं, मुंबईचं सुमारे 28.5. म्हणजे घामाला वाळायची मुभा मुंबईत कितीतरी कमी. इथे मुंबईकर टाळ्या वाजवेल. पण थांबा. जाणवणारं तापमान काढायचं अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचं हीट इंडेक्सचं सूत्र, ज्याच्यासारखं काहीतरी बहुतेक मोबाइल वापरतात, त्यात हेच आकडे घातले तर दोन्हीकडे उत्तर 44 अंशांच्या किंचित वर येतं. आणखी एक मोजमाप आहे, डब्ल्यूबीजीटी, म्हणजे वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर. त्यात ओल्या पाऱ्याला 70 टक्के वजन असतं. उन्हात उरलेल्यातले 20 टक्के उन्हाची धग टिपणाऱ्या काळ्या गोळ्यातल्या पाऱ्याला आणि 10 टक्के साध्या पाऱ्याला. सावलीत गोळा आणि साधा पारा जवळपास सारखेच धरता येतात. त्या हिशेबाने दोन्ही शहरं 30 वर येऊन थांबतात. 11 अंशांचा फरक, ज्याच्या जोरावर एवढी टिंगल होते, तो सावलीत उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरापर्यंत पोचेतो संपलेला असतो.

विदर्भाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच सुरू होतो, आणि तो मान्य करायला हवा. सावलीत बरोबरी, ठीक. उन्हात काय? 45 अंशांच्या हवेखालची जमीन, डांबर, पत्रा हे सगळं हवेपेक्षा खूप जास्त तापलेलं असतं आणि त्याची धग थेट अंगावर येते. कोरड्या हवेत घाम इतक्या झटपट वाळतो की तो येतो आहे हेच कळत नाही. तासाला लिटरभर पाणी जातं आणि माणसाला वाटतं आपण कोरडे आहोत. वारा सुटला तर तोही मित्र राहत नाही. हवा कातडीपेक्षा तापलेली असली की वारा घाम वाळवतो खरा, पण त्याच वेळी भट्टीतली उष्णताही आणून टाकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा 40 अंशांच्या वर असेल तेव्हा नुसत्या पंख्यावर विसंबू नका. डोक्याला शेला गुंडाळून, खिशात कांदा टाकून बाहेर पडणारे वैदर्भीय कांद्याबाबत चुकत असतील, शेल्याबाबत मुळीच चुकत नाहीत.

पण हा मुद्दा मान्य केल्यावर तो कुणाच्या विरोधात जातो ते पाहा. 'पारा काय म्हणतो ते सांग' म्हणणाऱ्याच्याच विरोधात. कारण वेधशाळेचा पारा उन्हात नसतोच. तो पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, शक्यतो गवतावर ठेवलेला असतो. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने 19 व्या शतकात ही पेटी रचली. (दीपगृहं बांधणारं घराणं, त्याचा मुलगा रॉबर्ट लुई मात्र कादंबऱ्यांकडे वळला.) पेटीचा हेतूच हा की ऊन, पाऊस आणि जमिनीची धग बाहेर ठेवून फक्त हवेचं तापमान घ्यावं, म्हणजे आजचा आकडा शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. त्या कामासाठी ती पेटी उत्तम आहे. पण ब्रह्मपुरीच्या शेतात कडक उन्हात वाकलेल्या बाईबद्दल ती काय सांगणार? पेटीच्या सावलीत 45 म्हणजे तिच्या पाठीवर 45 नव्हे. आणि मोबाइलचा आकडाही तिला न्याय देत नाही. हीट इंडेक्सचा पाया रॉबर्ट स्टेडमन यांनी 1979 मध्ये घातला. त्यांनी गृहीत धरलेला माणूस 1.7 मीटर उंच, 67 किलो वजनाचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, मंद वाऱ्यात, सावलीत चालणारा आहे. भर उन्हात हा आकडा आणखी 8 अंशांपर्यंत वर जाऊ शकतो, असं अमेरिकी हवामान सेवा स्वतःच सांगते. म्हणजे मुंबईकर ज्या आकड्याची ढाल करतो, तोच आकडा विदर्भातल्या उन्हातल्या मजुराचा त्रास कमी दाखवतो. दोघेही आपापल्या आवडीचा आकडा धरून बसलेत आणि दोन्ही आकड्यांतून काम करणारा माणूस गळालेला आहे.

या आकडाप्रेमाचं टोक 2024 च्या मे महिन्यात दिसलं. दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंश नोंदले गेले आणि देशभर बातमी झाली की राजस्थानातल्या फलोदीचा 51 अंशांचा, 2016 सालचा विक्रम मोडला. तपासणीत उपकरण तीन अंश जास्त दाखवत होतं असं निघालं. त्याच आठवड्यात नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले, तेही चुकीचे ठरले. दोन-तीन दिवस सगळी चर्चा उपकरणाच्या खरेखोटेपणावर. पण 52.9 नव्हे, 49.9 होते, असं कळल्याने दिल्लीतल्या पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला काय फरक पडला?

दुसरा आक्षेप सवयीचा. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या हवेत राहतात, त्यांना काय होतंय? यात तथ्य आहे. उष्ण हवेत रोज काम करणाऱ्या माणसाचं शरीर एक-दोन आठवड्यांत बदलतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं. पहिल्या उन्हाच्या लाटेत माणसं जास्त दगावतात त्याचं हे एक कारण. पण सवयीने जास्त घाम येईल, तो वाळवणार कोण? भरलेल्या हवेत कितीही सरावलेला माणूस घामाने निथळतच राहणार. जे. एस. हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने 1905 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या कथलाच्या खाणींच्या निमित्ताने हेच तपासलं. त्याला दिसलं की स्थिर हवेत ओला पारा 31 अंशांच्या वर गेला की माणूस स्वस्थ बसलेला असला तरी त्याचं अंग तापू लागतं; सुका पारा किती आहे याला त्या मानाने महत्त्व नाही. पुढे 2010 मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी 35 अंश ओलं तापमान ही माणसाची सैद्धांतिक सीमा मांडली आणि ती खूप गाजली. पण 2022 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांची शरीरं दमट हवेत 31 च्या आसपासच हार मानताना दिसली. शंभरहून जास्त वर्षांनी, वातानुकूलित प्रयोगशाळेत, पुन्हा खाणीतलाच आकडा.

हाल्डेनच्याही आधी हे गिरणी कामगारांना ठाऊक होतं. सुती धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो, म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकाम खात्यांत मुद्दाम वाफ सोडत. कामगार त्याविरुद्ध भांडले आणि 1889 मध्ये ब्रिटनने कायदा केला. सुका पारा इतका असेल तर ओला पारा त्याहून जास्त असता कामा नये, असं जोड्यांचं कोष्टकच त्या कायद्याला जोडलं होतं. मुंबईत गिरण्या वाढल्या त्यामागच्या कारणांत इथली दमट हवाही होती. जी हवा धाग्याला मानवते तीच साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या माणसाला छळते. आपल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कृत्रिम आर्द्रतेवर स्वतंत्र कलम आलं, आणि कारखान्यांच्या आदर्श नियमांत असं लिहिलं गेलं की कामाच्या जागेत ओला पारा 30 च्या वर जाऊ नये आणि हवा मिनिटाला निदान 30 मीटर वेगाने हलती असावी. हवा जितकी तापलेली, तितकी ओल्या पाऱ्याची मर्यादा आणखी खाली. पाळलं किती गेलं हा भाग वेगळा. गिरणगावात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला विचारा. पण तत्त्व मान्य होतं. छताखालच्या कामगारासाठी जे कायद्याला कळलं, ते छप्पर काढलं की का कळेनासं होतं? नाक्यावर उभा राहणारा मजूर, सिग्नलवरचा वाहतूक पोलीस, पाठीवर पिशवी अडकवून फिरणारा डिलिव्हरीचा पोरगा, यांच्यासाठी आपण पुन्हा एकट्या सुक्या पाऱ्याकडे का वळतो?

भारतीय हवामान विभागाला हे समजत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कोकणासाठी 'उष्ण व दमट' हवेचा इशारा वेगळा दिला जातो, आणि 2023 च्या एप्रिलपासून विभाग प्रायोगिक हीट इंडेक्सचे रंगीत नकाशेही काढू लागला. अडचण आहे ती अधिकृत 'उष्णतेची लाट' या शिक्क्याची, कारण यंत्रणा हलते ती त्या शिक्क्यावर. मैदानी भागात पारा 40 ला आणि किनाऱ्यावर 37 ला पोचलेला हवा, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर हवा, नाहीतर सरळ 45 तरी गाठलेला हवा. आता मुंबईत असं कधी होतं? प्रामुख्याने मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा जमिनीवरून येणारा कोरडा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरचं वारं उशिरा पोचतं. म्हणजे ज्या दिवशी घाम त्या मानाने बरा वाळतो, त्या दिवशी लाट जाहीर होते. समुद्राचं वारं वेळेवर आलं की पारा उतरतो, शिक्का टळतो, आणि हवा वाफेने जड होते. मेअखेर पावसाआधीची तलखी आणि ऑक्टोबरची काहिली यांना हा शिक्का बहुतेक कधी मिळत नाही. 'उबदार रात्री'चा निकष तर आणखी मजेचा: किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर हवं, आणि त्याचा विचार व्हायचा तो कमाल तापमान 40 किंवा त्याहून वर असेल तेव्हाच. ज्या शहरात वाफेमुळे रात्री हवा निवतच नाही, तिथे दिवसा 40 न झाल्याने रात्र उकाड्याची ठरत नाही. दिवसभर तापलेलं शरीर सावरतं ते रात्रीच. धारावीतल्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ते कधी सावरणार?

या निकषांच्या फटीतून माणसं गेलेली आहेत. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंची गर्दी, डोक्यावर मांडव नाही, कित्येक जण सकाळपासून बसलेले. सरकारी आकड्यानुसार 14 माणसं उष्माघाताने गेली. पारा चाळिशीच्या खालीच होता. 6 ऑक्टोबर 2024 ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती पाहायला आलेल्या गर्दीतली पाच माणसं गेली. तेव्हाही पारा चाळिशीपासून बराच दूर. खारघरनंतर आपल्याकडे जो वाद झाला तो बहुतेक राजकीय होता: वेळ कुणी ठरवली, मांडव का नव्हता, पाणी किती होतं. ते प्रश्न योग्यच होते. पण चाळीसच्या आत माणसं मरतात कशी, याचं आश्चर्य व्यक्त करणारे त्या वादात दोन्ही बाजूंना होते, आणि ते आश्चर्य मला जास्त चिंतेचं वाटतं. खांद्याला खांदा लावून बसलेल्या गर्दीत वारा शिरत नाही. प्रत्येक शरीर आपली उष्णता आणि वाफ शेजाऱ्याला देतं. वरून थेट ऊन. पेटीतल्या पाऱ्याला यातलं एकही कळायचा मार्ग नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. दमटपणा धरून इशारे द्यायचे ठरवलं तर कोकणात एप्रिल ते जून रोजच इशारा द्यावा लागेल, आणि रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोण लक्ष देतो? शिवाय हे निर्देशांक कधी भलतेच फुगतात, 'आज 60 जाणवेल' असली भीती घालणारे संदेश फिरतात आणि उरलासुरला विश्वास जातो. यातली दुसरी अर्धी तक्रार लवकर आटोपते. निर्देशांक चुकतात, मग दुरुस्त होतात. थंडीचा निर्देशांक असाच निघाला होता. सिपल आणि पॅसेल या दोघांनी 1940 च्या सुमारास अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं ते मोजलं आणि त्यावरून माणसाला वाजणारी थंडी काढली. पाण्याचं नळकांडं म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे, त्यामुळे आकडे फार बोचरे येत. 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने माणसांवर प्रयोग करून सूत्र बदललं. वाऱ्याने थंडी वाढते ही गोष्टच खोटी, असं मधल्या साठ वर्षांत कुणी शहाण्याने म्हटलं नाही.

पहिली अर्धी मात्र खरी आहे. संपूर्ण शहराला रोज पिवळा रंग देऊन काही होणार नाही. माझं उत्तर असं की इशारा शहराला देण्याऐवजी कामाला द्यावा. वातानुकूलित दालनात बसलेल्या माणसाला आणि स्लॅब ओतणाऱ्याला एकच रंग दाखवायची गरजच काय? डब्ल्यूबीजीटी जन्मला तो याच गरजेतून. अमेरिकी मरीन सैनिकांच्या दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड तळावर नवी पोरं कवायतीत कोसळत होती. यॅग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी 1957 मध्ये त्यासाठी हे मोजमाप मांडलं. आकडा ठरावीक रेषेपलीकडे गेला की कवायत कमी, आणखी पुढे गेला की बंद. बाकीच्यांनी आपली कामं करावीत. कतारने 2021 मध्ये नियम केला की डब्ल्यूबीजीटी 32.1 च्या वर गेला की उघड्यावरचं काम थांबलंच पाहिजे; शिवाय उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम नाही. विश्वचषकाच्या बांधकामांवरून जगभर टीका झाल्यानंतर हे आलं, सद्भावनेने नव्हे, हे लक्षात ठेवावं. तरीही आज आखातात कामाला गेलेल्या रत्नागिरीच्या माणसाला कागदावर जे संरक्षण आहे, ते रत्नागिरीत बांधकामावर राहिलेल्या त्याच्या भावाला नाही. मघाशी काढलेला 30 हा आकडा सावलीतला होता. उन्हात काळा गोळा हवेपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापतो, आणि चंद्रपूर काय, मुंबई काय, दोन्हीकडे 32.1 ची रेषा दुपारी सहज ओलांडली जाते.

आणि इथे खरी अडचण येते, जी पाऱ्याच्या भांडणात कुणीच काढत नाही. दुपारी काम थांबवलं तर त्या तासांची मजुरी कोण देणार? ज्याला काम थांबवल्यावर पैसे मिळत नाहीत, त्याला इशारा देणं म्हणजे त्याच्याच माथी जबाबदारी ढकलणं. 'भरपूर पाणी प्या, दुपारी 12 ते 4 बाहेर पडू नका' ही सूचना कुणासाठी लिहिलेली असते? जो बाहेर पडला नाही तरी ज्याचं चालतं, त्याच्यासाठी. अहमदाबादला मे 2010 च्या लाटेत 1,300 हून जास्त मृत्यू नेहमीपेक्षा अधिक झाले, मग 2013 मध्ये त्या महापालिकेने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्यात इशारे होते, रुग्णालयांची तयारी होती, आणि पुढे झोपड्यांची छतं पांढरी रंगवण्याचं काम जोडलं गेलं. मोल त्याचं मोठं आहे. पण बुडालेल्या मजुरीचं उत्तर त्यात नव्हतं.

त्या दिशेने गुजरातेत पहिलं पाऊल पडलं ते 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेचं. 2023 मध्ये त्यांनी सभासदांसाठी उष्णतेचा विमा आणला: तापमानाने ठरलेली रेषा ओलांडली की दाखला नको, पंचनामा नको, पैसे थेट खात्यात. कल्पना फार चांगली आहे आणि महाराष्ट्राने रोजगार हमीसारख्या आपल्याच जुन्या अनुभवाच्या आधारे ती सरकारी पातळीवर उचलावी असं मला वाटतं. 1972 च्या दुष्काळानंतर काम मागणाऱ्याला काम देण्याची हमी आपण देशात सर्वांत आधी कायद्यात आणली, आता काम थांबवण्याची हमी द्यायची आहे. पण ती उचलताना रेषा कशावर आखायची हे आधी ठरवावं लागेल. ती नुसत्या सुक्या पाऱ्यावर आखली तर पैसे अकोल्याला जातील, जायलाच हवेत. आणि वेसाव्याच्या वाळवणीवर ऑक्टोबरच्या उन्हात काठीवर बोंबील टांगत उभ्या असलेल्या कोळणीच्या खात्यात एक रुपयाही येणार नाही, कारण त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेच्या पेटीत 35 असतील.